उष्टावणाचा फोटो

आमच्या घरात डोळे मिटलेला माणूस चालत नसे. टेंभुर्णीत बसस्टँडसमोर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान आणि मागे आम्ही, मध्ये एक निळा पडदा. या पडद्यावर पुढच्या बाजूने धबधबा रंगवलेला होता आणि मागच्या बाजूने माय ओले हात पुसायची. लग्नाच्या फोटोत एखादी आत्याबाई डोळे मिटून आली की तिचा नवरा फोटो परत आणून टाकायचा. म्हणायचा, जित्या बाईचा फोटो असा कसा काढला. अशा वेळी मिटलेल्या पापण्यांवर डोळे काढायचं काम माझ्याकडे असे. बारावी दोनदा नापास झाल्यावर मला घरात जी काही किंमत राहिली होती ती या कामामुळे. एका नवरदेवाचे तर सगळ्याच फोटोंत डोळे अर्धे मिटलेले आले होते. मी ते शाळेच्या ओळखपत्रावरून बघून उघडले. पुढे त्याची बायको मायला सांगत होती, अख्ख्या लग्नात हे माझ्याकडंच बघून राह्यले होते.

मिटलेल्या डोळ्यांपेक्षा लाल डोळ्यांचं काम जास्त होतं. तेव्हा रंगीत रोल आले होते. आम्ही ते सकाळच्या एसटीने जालन्याच्या लॅबला पाठवायचो, संध्याकाळच्या गाडीला कंडक्टर फोटोंची पाकिटं आणून द्यायचा. फ्लॅश मारला की बुबुळं लाल येत. अण्णांनी मला त्याचं कारण एकदाच समजावलं होतं: "उजेड डोळ्याच्या भोकातून आत जातो, मागच्या पडद्यावर आपटतो, तिथलं रक्त दिसतं. माणसात दोष न्हाई." माणसात दोष नसला तरी लाल डोळ्यांची नवरी कोणाला नको असे. मग मी बसायचो. दोन शून्य नंबरचा ब्रश, काळी शाई, डोळ्याला लावायचं भिंग. बुबुळाच्या मध्यावर एक ठिपका, आणि ठिपक्यात वरच्या बाजूला शाई न लागलेली टाचणीच्या टोकाएवढी जागा, म्हणजे डोळ्यात चमक राहते. मागून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, समोर गाड्यांचे हॉर्न, आणि मी माणसांना डोळे देत बसायचो. मला हे काम आवडत होतं. ते मला चांगलं जमायचं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

माझी मोठी बहीण, आक्का, पिंपळगाव रेणुकाईला दिलेली. दाजींची तिथे पिठाची गिरणी होती. दाजी आले की त्यांच्या भुवयांवर पीठ असायचं आणि माय म्हणायची, जावई म्हातारे झाले. आक्का पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, तिला मुलगी झाली, तिचं नाव कोमल ठेवलं. आक्का बरेच महिने राहिली. घराला बाळंतशेपाचा आणि शेकाच्या गोवऱ्यांचा वास धरला, तो फोटोच्या पाकिटांनाही लागला. एका गिऱ्हाइकाने पासपोर्ट फोटो नाकाला लावून विचारलं होतं, घरात कोण बाळंतीण हाय?

सातव्या महिन्यात कोमलचं उष्टावण केलं. आमच्याकडे उष्टावण मामाने करायचं असतं. मायने तांदळाची खीर केली, मी चांदीच्या वाटीतून अंगठीने ती कोमलच्या ओठाला लावली, तिने तोंड वाकडं केलं आणि अण्णांनी त्याच क्षणी फ्लॅश मारला. दोन दिवसांनी फोटो आला. कोमलचा उजवा डोळा लाल आला होता, नेहमीसारखा. डावा लाल नव्हता. डाव्यात फिकट पिवळसर काहीतरी होतं, थंडीत गोठलेल्या तुपाच्या थेंबासारखं.

मी लॅबला मनात शिवी दिली. डाग पडला, असं वाटलं. दोन्ही डोळ्यांत काळा ठिपका दिला, चमक ठेवली, आणि फोटो आक्काला दिला. आक्का म्हणाली, "किती छान आलाय रे." मी म्हणालो, "मंग."

त्यानंतरच्या दिवसांतली गोष्ट. दिवेलागणीला वीज गेली होती, आक्का कोमलला मांडीवर घेऊन चिमणीसमोर बसली होती. तिने मला हाक मारली.

"दिल्या, इकडं ये. हिचा डोळा बघ मांजरावानी चमकून राह्यला."

मी दारातूनच बघितलं. मला काही दिसलं नाही, कारण मी उभा होतो आणि ती बसली होती. ते एका विशिष्ट कोनातूनच दिसतं. हे मला नंतर कळलं. त्यावेळी मला सगळंच कळत होतं.

"उजेड आतून परत येतो आक्का. आमच्या धंद्यात रोजचंच हाय ते."

"पण एकाच डोळ्यात?"

"चिमणी एकाच बाजूला हाय ना."

आक्काचं समाधान झालं. उजेडाच्या बाबतीत घरात अण्णांनंतर माझा शब्द चालत असे. मायने तिच्या पद्धतीने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. दोघांचेही उपाय झाल्यावर आम्ही जेवायला बसलो. पिठलं होतं. असल्या गोष्टी का लक्षात राहतात माहीत नाही, पण पिठलं होतं आणि मी दोनदा घेतलं.

वर्षाच्या आत जावळ काढलं. जावळही मामाच्याच मांडीवर. न्हाव्याने वस्तरा काढला, कोमलने बोंब ठोकली, मी तिचं डोकं धरून ठेवलं आणि अण्णा फोटो काढत गेले. त्या रोलमधल्या चार फोटोंत तिचा डावा डोळा पांढरा होता. आता तुपासारखा नव्हता, चुन्यासारखा होता. चार वेगवेगळ्या फोटोंत, एकाच डोळ्यात, एकाच जागी लॅबचा डाग पडत नाही. हे मला कळलं. मी भिंग बाजूला ठेवलं, चहा प्यालो, परत भिंग लावलं आणि चारही फोटोंतले डोळे काळे केले. का केले, याचं उत्तर गेली कित्येक वर्षं शोधतो आहे. भीती वाटली म्हणावं तर वाटली नव्हती. आळस म्हणावं तर चार फोटोंचं काम मी मन लावून केलं. खरं एवढंच की समोर चुकीचा डोळा आला की तो बरोबर करायचा, याची माझ्या हाताला सवय होती, आणि हात डोक्याला विचारत नव्हता. पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंचंही मी तेच केलं.

आक्का सासरी गेली. काही महिन्यांनी कोमलची नजर तिरळी व्हायला लागली. माय म्हणाली, थोडी चकणी पोर नशिबाची असती. मग ती चालताना डाव्या बाजूच्या चौकटीला आपटायला लागली, तर सगळे चौकटीला मारून दाखवायचे आणि ती हसायची. मग तो डोळा लाल झाला, सुजला. तेव्हा मात्र आक्काने कोणाला न विचारता जालन्याची गाडी धरली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, खोलीतला दिवा घालवला, यंत्रातून बराच वेळ बघितलं आणि दिवा लावला. ते म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ दिसते, लहान मुलांत हा कॅन्सर होतो, लवकर उपचार झाला तर मूल वाचतं, बहुतेक वेळा वाचतंच, पण इथे थांबू नका, याच आठवड्यात हैदराबादला जा. चिठ्ठी लिहून दिली. डोळा काढावा लागेल, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आमच्या घरी जमले. दाजी खाटेवर बसले होते, कोमल त्यांच्या पायाशी एका डबीचं झाकण उघडायचा प्रयत्न करत होती. ती झाकण अगदी उजव्या बाजूला धरून बघत होती.

"दीड वर्साच्या लेकराला कॅन्सर," दाजी म्हणाले. "ती काय तंबाखू खाती का?"

त्यांनी वाकून कोमलची डबी उघडून दिली.

"गिरणीत असती दिवसभर. कोंडा उडतो. कण गेला असंल."

"डॉक्टरनं मशीनमधून बघितलंय वो," आक्का म्हणाली.

"मशीन काय, आमची बी मशीनच हाय. दोन येळा लाइट गेली की वायलंच पीठ पाडती." दाजींनी पिशवीतून अल्बम काढला, तो खाटेवर उघडला. "हे बघा अण्णा. वाढदिवस. डोळा कसा हाय? बराबर हाय. हे जावळ. बराबर हाय. जन्मापासून गाठ असती तर फोटोत आली नसती का? म्हंजे जे झालंय ते आत्ताच झालंय. पलीकडच्या वाडीत म्हातारी हाय, जिभेनं कण काढती. गुरुवारी बसती. तिच्याकडं नेतो, पंधरा दिवस बघतो, न्हाई उतरलं तर जाऊ हैदराबादला. आँ? डोळा काढून आणल्यावर परत बसवता येतो का?"

अण्णांनी अल्बम घेतला, फोटो लांब धरून बघितले आणि म्हणाले, "फोटोत तर बिलकुल साफ हाय." माय म्हणाली, पंधरा दिसानं काय होतंय. आक्का एकटी पडली. तिने माझ्याकडे बघितलं. उजेडाच्या बाबतीत माझा शब्द चालायचा.

दाजी वाईट माणूस नव्हते, हे इथे लिहून ठेवतो. हातात पुरावा असलेला कोणताही बाप हेच बोलला असता. पुरावा मी तयार केला होता.

मी पडद्यापलीकडे दुकानात गेलो. निगेटिव्ह आम्ही गावांच्या नावांच्या डब्यांत ठेवायचो, घरच्यांचा डबा वेगळा होता. मी जावळाची आणि वाढदिवसाची पट्टी काढली. त्याच डब्यात उष्टावणाची पट्टी होती. तीही काढली. हातात थोडा वेळ धरली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

मागे येऊन मी खिडकी पूर्ण उघडली आणि जावळाची पट्टी उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: काळे केस पांढरे, गोरा चेहरा काळा. बुबुळाचा काळा ठिपका तिथे उजळ दिसायला हवा. कोमलच्या डाव्या डोळ्यात तो काळाकुट्ट होता.

"हे काय?" दाजी म्हणाले.

"हा खरा फोटो. तुमच्या हातातल्यावर मी शाई लावलीय."

"कशाला?"

"डोळा पांढरा आल्ता. मी काळा केला."

दाजींना समजायला वेळ लागला. त्यांनी पट्टी घेतली, अल्बममधल्या फोटोशेजारी धरली, परत खिडकीकडे धरली. अण्णांनी माझं भिंग मागितलं. ते डोळ्याला लावून त्यांनी छापलेला फोटो अगदी जवळून तपासला, त्यावरून एकदा हळू अंगठा फिरवला.

"काम सफाईचं हाय," अण्णा म्हणाले. भिंग खाटेवर ठेवलं आणि बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले. त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाईक घेतलं नाही. मला ते कधीच रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात, ते खरं आहे.

दाजींनी विचारलं, "गाडी कवा हाय?"

आक्का मात्र माझ्यासमोर उभी राहिली. "कधीपासून दिसून राह्यलं होतं, दिल्या?"

"जावळापासून."

"त्याच्या आधी?"

"न्हाई."

"उष्टावणाचा फोटो?"

"तो चांगला आल्ता."

पट्टी खिशात होती. उकाड्याने ती शर्टासकट छातीला चिकटली होती.

हैदराबादला आम्ही तिघं गेलो: आक्का, दाजी आणि मी. मायने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, ती परभणीच्या पुढे कोणाला खाववत नव्हती, तरी आम्ही खाल्ली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दख्खनी बोलायच्या. त्यांनी कोमलला भूल देऊन दोन्ही डोळे तपासले, सोनोग्राफी केली, डोक्याचा स्कॅन केला. गाठीचा तुकडा काढून तपासत नाहीत, सुई लावली तर रोग डोळ्याबाहेर पसरू शकतो, हे त्यांनीच सांगितलं. मी निगेटिव्ह पुढे केली. त्यांनी ती खिडकीकडे धरली.

"ये तो साफ दिखरा. कितने महिने पहले का है?"

"पाँच-छे."

"तभी लाते तो शायद आँख बच जाती." त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत, गाडी चुकलेल्या माणसाला सांगतात तसं म्हणाल्या. "अब आँख का नक्को सोचो, बच्ची का सोचो."

पाच-सहा महिन्यांचा हिशोब आक्काने ऐकला. खरा हिशोब त्याच्या दुपटीच्या आसपास होता आणि तो उष्टावणाच्या पट्टीत, टेंभुर्णीत माझ्या गादीखाली होता.

डावा डोळा गाठीने भरला होता, तो काढला. उजव्यातही एक बारीक ठिपका सापडला. तो कोणाला दिसला नव्हता, फोटोतही नव्हता. तिथे लेझर दिलं, आणि शिरेतून औषध सुरू झालं, दर तीन-चार आठवड्यांनी एकदा, सहा वेळा. बाईंनी एकेक नियम दोनदा सांगितला. ताप आला तर घरी गोळी देत बसायचं नाही, तसंच दवाखान्यात आणायचं, कारण औषधाने रक्तातली ताकद कमी होते. पाणी उकळून. ताजं अन्न. लग्नाकार्यात न्यायचं नाही. "और ये किसी की नज़र से नहीं हुआ, किसी के खाने से नहीं हुआ. पैदाइश से है. इसके बच्चे होंगे तो पहले हफ्ते में आँख दिखाना." कोमल तेव्हा दीड वर्षाची होती आणि बाई तिच्या मुलांबद्दल बोलत होत्या. आक्का त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली.

दुसऱ्या औषधानंतर कोमलचे केस गेले. सकाळी उशीवर सगळे पडलेले. त्या जावळाला मामाच्या मांडीची गरज पडली नाही.

काही महिन्यांनी खोटा डोळा बसवायची वेळ आली. मला वाटलं होतं दुकानात ठेवलेल्या डोळ्यांतून एक निवडायचा असेल. तसं नव्हतं. एका छोट्या खोलीत एक म्हातारे मियाँ बसलेले, समोर रंगांच्या वाट्या. ते कोमलचा उजवा डोळा बघून प्लास्टिकच्या वाटीवर डावा डोळा रंगवत होते. त्यांच्या हातात दोन शून्य नंबरचा ब्रश होता. शेवटी त्यांनी मध्यावर काळा ठिपका दिला आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"देखो मामू. बराबर है?"

मी बघितलं. बराबर होता. मी म्हणालो, मला यातलं काही कळत नाही.

उजवा डोळा वाचला. कोमल शाळेत गेली, चष्मा लागला, वर्षानुवर्षं तपासणीला जाऊन हैदराबादची दख्खनी शिकली, डी.एड. झाली, लग्न झालं. मी स्टुडिओ चालवत राहिलो. ब्रश गेला, कॉम्प्युटर आला, आता तर मोबाइल लाल डोळे स्वतःच काळे करतो, कोणाला न विचारता. तो माझ्यासारखाच आहे. मी मात्र गिऱ्हाइकांच्या मोबाइलमधले मूळ फोटो मागून बघतो. दोन आयांना मी लेकराचा डोळा डॉक्टरला दाखवायला सांगितलं. एकीच्या लेकराला मोतीबिंदू निघाला, वेळेवर ऑपरेशन झालं. दुसरीच्या लेकराला काहीच निघालं नाही आणि तिच्या नवऱ्याने दुकानात येऊन मला फार बोलून घेतलं. मी त्याला चहा पाजला.

मागच्या वर्षी कोमलला मुलगा झाला. पहिल्याच आठवड्यात तिने त्याचे डोळे तपासून घेतले आणि बाईंच्या नियमाप्रमाणे ती अजूनही नेते. आतापर्यंत दोन्ही स्वच्छ आहेत. सातव्या महिन्यात ती त्याला घेऊन स्टुडिओत आली. मी ठरवलं होतं, हिला सांगायचं. इतकी वर्षं लपवलेली उष्टावणाची पट्टी काढून गल्ल्यात ठेवली होती. आईला सांगायची हिंमत झाली नाही ते लेकीला सांगावं, एवढी माझी हिंमत.

"कोमल, तुझ्या उष्टावणाचा फोटो हाय ना तुझ्या आईकडं..."

"पांढऱ्या डोळ्याचा?"

मी गल्ल्यावरचा हात काढला.

"आई दर दिवाळीला अल्बम ओल्या फडक्यानं पुसती ना मामा. शाई कवाच गेली त्याच्यावरची. मी सातवीत असताना बघितला होता. आईला विचारलं तर म्हणली, मामाला विचारू नको."

मी हिशोब केला. तेव्हापासून किती भाऊबीजा झाल्या, प्रत्येक वेळी आक्काने मला ओवाळलं, कुंकू लावलं, ताटात दोनदा पुरणपोळी वाढली. फोटोबद्दल एक शब्द नाही.

"बस का मामा," कोमल म्हणाली. "पोरगं झोपायच्या आत काढ की फोटो. दिवे घालव अन् फ्लॅश मार."

मी दिवे घालवले, जुना फ्लॅश कॅमेऱ्याला लावला आणि मारला. कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून बघितला. दोन्ही डोळे लालभडक, एकसारखे. कोमल म्हणाली, फोटोवर भरवसा न्हाई, पुढच्या महिन्यात डॉक्टरकडं जायचंच हाय, पण हा मला मोठा करून दे. मी दोन केले. एक तिला दिला, एक काउंटरच्या मागे लावला. गिऱ्हाईकं बघतात आणि म्हणतात, मालक, एवढा सुंदर पोरगा, डोळे तेवढे नीट करा की. धंद्याला तो फोटो चांगला नाही.

परवा आक्का आली होती. तिचे गुडघे दुखतात, ती समोरच्या खुर्चीत बसली, चहा घेतला, आणि भिंतीवरच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली.

"डोळे लाल आलेत," ती म्हणाली.

"हो."

"राहू दे. हात नको लावू."

तिने बशी खाली ठेवली आणि विचारलं, आता पिंपळगावची गाडी कितीला आहे.